टॅक्सीच्या मीटरपासून गॅस सिलेंडरपर्यंत, देशाला तक्रार करायला शिकवणारी 'रजनी' म्हणजे प्रिया तेंडुलकर

साल १९८५.

घरातला गॅस संपलाय. एजन्सीत नंबर लावून बरेच दिवस झालेत, सिलेंडरचा पत्ता नाही. फोन करून विचारावं तर घरात फोन नाही, कारण फोनच्या वेटिंग लिस्टमध्येही आपला नंबर कुठेतरी मागे पडलाय. टॅक्सीला हात करावा तर जवळचं भाडं बघून टॅक्सीवाला नाही म्हणतो. सरकारी कचेरीत जावं तर खिडकीमागचा साहेब जागेवर नसतो.

अशा वेळी साधा मध्यमवर्गीय माणूस काय करायचा? गप्प बसायचा. घरी येऊन बायकोसमोर चरफडायचा आणि सिस्टीमच अशी आहे म्हणून पुढच्या कामाला लागायचा.

आणि मग एक दिवस दूरदर्शनवर एक बाई आली. साडी नेसलेली, चारचौघींसारखी दिसणारी, नवरा आणि संसार सांभाळणारी. फरक एवढाच की ती गप्प बसायची नाही. पैसे मोजलेत तर वस्तू नीट मिळाली पाहिजे, नियम आहे तर तो पाळला गेला पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं असायचं. पण ते म्हणणं ती समोरच्याच्या टेबलापर्यंत जाऊन मांडायची आणि काम झाल्याशिवाय हलायची नाही.

तिचं नाव रजनी.

ही मालिका इतकी गाजली की ज्यांच्यावर टीका झाली त्यांना राग आवरेना. टॅक्सीवाल्यांच्या मनमानीवरचा एपिसोड दाखवला गेल्यावर मुंबईतल्या टॅक्सीवाल्यांनी दूरदर्शनच्या निषेधात मोर्चा काढला. एका काल्पनिक गृहिणीच्या विरोधात खरीखुरी माणसं रस्त्यावर उतरली होती.

ही रजनी साकारली होती प्रिया तेंडुलकर यांनी. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या कुणालाही हे नाव सांगा, त्याला आधी रजनी आठवते. आणि गंमत अशी की प्रिया तेंडुलकर या बाईचं बाकीचं आयुष्य या एका नावामागे झाकून गेलं. तेच आज बघू.

तेंडुलकरांच्या घरातली मुलगी

प्रिया यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९५४ चा, मुंबईतला. वडील विजय तेंडुलकर. मराठी नाटकाची ज्यांना थोडीफार माहिती आहे त्यांना या नावाचं वजन सांगायची गरज नाही. 'शांतता! कोर्ट चालू आहे', 'गिधाडे', 'सखाराम बाइंडर', 'घाशीराम कोतवाल' ही त्यांची नाटकं. आई निर्मला, भाऊ राजा आणि बहिणी सुषमा आणि तनुजा. व्यंगचित्रकार मंगेश तेंडुलकर हे त्यांचे काका.

प्रिया मोठ्या होत होत्या तो काळ तेंडुलकरांच्या नाटकांवरून महाराष्ट्रात रणं पेटण्याचा काळ होता. १९७२ साली 'सखाराम बाइंडर' सेन्सॉरच्या कचाट्यात सापडलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. त्याच वर्षी 'घाशीराम कोतवाल' आलं आणि त्यावरूनही मोठं वादळ उठलं. समाजाला न आवडणारी गोष्ट मांडली की समाज अंगावर येतो, हे या मुलीने अगदी जवळून पाहिलं. टॅक्सीवाल्यांचा मोर्चा नंतर आला, पण लोकांच्या संतापाची ओळख त्यांना त्याच्या कितीतरी आधी झाली होती.

घरात नाटकवाल्यांचा राबता असल्यामुळे अभिनयाकडे वळणं स्वाभाविक होतं. गिरीश कार्नाडांच्या 'हयवदन' या नाटकात बाहुल्या आहेत, माणसांसारख्या बोलणाऱ्या. त्यातल्या एका बाहुलीचं काम लहान वयात प्रिया यांनी केलं. त्यांना चित्रकलेचीही आवड होती.

पण वडील मोठे नाटककार आहेत म्हणून मुलीला तयार रस्ता मिळाला, असं इथे झालं नाही. प्रिया यांनी बऱ्याच नोकऱ्या केल्या. पंचतारांकित हॉटेलात रिसेप्शनिस्ट म्हणून उभ्या राहिल्या, हवाईसुंदरी म्हणून काम केलं, मॉडेलिंग केलं, बातम्याही वाचल्या. काउंटरच्या मागे उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाकडे बघून हसायचं काम त्यांनी केलं होतं. पुढे पडद्यावर त्याच काउंटरच्या पलीकडून जाब विचारणारी बाई त्यांनी रंगवली. दोन्ही बाजूंचा त्यांना अनुभव होता.

पहिलाच सिनेमा 'अंकुर'

१९७४ साली श्याम बेनेगल यांचा 'अंकुर' आला. हिंदीतल्या समांतर सिनेमाचा इतिहास या चित्रपटाशिवाय सांगताच येत नाही. शबाना आझमी यांचा हा पहिला सिनेमा म्हणून तो सगळ्यांच्या लक्षात आहे. पण प्रिया तेंडुलकरही त्यात होत्या, हे अनेकांना माहिती नसतं.

त्यात अनंत नाग यांनी जमीनदाराच्या मुलाचं, सूर्याचं काम केलंय. गावी एकटा राहणारा सूर्या घरात काम करणाऱ्या लक्ष्मीमध्ये गुंततो. मग त्याची लग्नाची बायको सरू नांदायला येते आणि घरातलं सगळं चित्र पालटतं. ही सरू म्हणजे प्रिया तेंडुलकर. वयाने कोवळी, पण घरात पाऊल टाकताच आपला हक्क ओळखणारी मुलगी त्यांनी उभी केली होती.

यानंतर अनंत नाग यांच्यासोबत त्या कन्नडमध्येही दिसल्या. १९८० साली शंकर नाग यांनी दिग्दर्शित केलेला 'मिंचिना ओटा' हा कन्नडमधला नावाजलेला सिनेमा. गाड्या चोरणाऱ्यांच्या या गोष्टीत नाग बंधूंसोबत प्रिया यांची महत्त्वाची भूमिका होती.

मराठीत त्या ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला स्थिरावल्या. 'गोंधळात गोंधळ', 'थोरली जाऊ', 'मुंबईचा फौजदार' हे त्यांचे चित्रपट तेव्हाच्या प्रेक्षकांनी आवडीने पाहिले. 'मुंबईचा फौजदार'मध्ये रवींद्र महाजनी यांच्यासोबतची त्यांची जोडी आजही टीव्हीवर सिनेमा लागला की लोक बघत बसतात.

म्हणजे रजनी मिळाली तेव्हा प्रिया काही नवख्या नव्हत्या. दहा-अकरा वर्षांचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. नाव होतं, पण घराघरांत पोहोचलं नव्हतं.

बासूदांची रजनी

आता त्या काळातला टीव्ही समजून घ्यायला हवा, नाहीतर रजनीचं यश कळणार नाही.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. १९८२ साली देशात रंगीत टीव्ही आला. जुलै १९८४ मध्ये 'हम लोग' सुरू झाली आणि रोजच्या जगण्यावरची मालिका बघायला अख्खा देश टीव्हीसमोर बसतो, हे पहिल्यांदा सिद्ध झालं. चॅनेल बदलायची सोय नव्हती. दूरदर्शन लावलं की जे लागेल ते सगळ्यांनी बघायचं. गल्लीत एकाच्या घरी टीव्ही असला तरी शेजारपाजारचे वीस जण तिथे जमायचे.

अशा वेळी बासू चटर्जी यांनी 'रजनी' आणली. बासूदा म्हणजे 'रजनीगंधा', 'छोटी सी बात', 'चितचोर'वाले. बसस्टॉपवर उभा राहणारा, ऑफिसात डबा नेणारा माणूस त्यांच्या सिनेमांचा हिरो असायचा. या साध्या माणसाला रोज काय काय सहन करावं लागतं, ते त्यांना बरोबर माहिती होतं. मोठमोठे भ्रष्टाचार, मंत्री, तस्कर असलं काही त्यांनी घेतलं नाही. सिलेंडर, टेलिफोन, टॅक्सी अशा गोष्टींवर एकेक एपिसोड रचला. रजनीच्या नवऱ्याच्या भूमिकेत होते करण राजदान.

रजनीची खरी ताकद होती तिच्या साधेपणात. ती वकील नव्हती, पत्रकार नव्हती, पुढारी तर अजिबात नव्हती. तिच्याकडे ना पद होतं ना ओळख. ती घर सांभाळणारी बाई होती. आणि घर सांभाळणाऱ्या बाईला सिलेंडर वेळेवर न येणं म्हणजे काय ते सगळ्यात जास्त कळतं. घरबसल्या मालिका बघणाऱ्या बायकांना पहिल्यांदा वाटलं की आपल्या या रोजच्या कटकटीही कुणीतरी मनावर घेण्यासारख्या आहेत.

प्रिया यांनी ही बाई आक्रस्ताळी होऊ दिली नाही, हे त्यांचं मोठं काम. रजनी भांडायची, पण समोरच्याला बोलू द्यायची. तिचा आवाज चढायचा, पण मुद्दा सुटायचा नाही. अशी भूमिका थोडी जरी घसरली असती तर ती कटकटी बाईची कॉमेडी झाली असती. ती झाली नाही, म्हणून लोकांनी तिला आपली मानली.

आपल्याकडे ग्राहकांची चळवळ त्याआधीच सुरू झाली होती. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यातून ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. पण चळवळीच्या बैठकीला येणारी माणसं आणि टीव्हीसमोर बसणारी माणसं यांच्या संख्येत जमीन-अस्मानाचा फरक होता. रजनी गाजली १९८५ ला. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९८६ मध्ये, ग्राहक संरक्षण कायदा झाला. कायदा एका मालिकेमुळे होत नसतो, त्यामागे कित्येकांची वर्षानुवर्षांची मेहनत होती. पण ग्राहकालाही हक्क असतात ही गोष्ट सामान्य घरात समजावून सांगायचं काम तोवर रजनीने करून ठेवलं होतं.

प्रिया मागे, रजनी पुढे

यशाची दुसरी बाजू इथून सुरू होते.

लोक प्रिया तेंडुलकर यांना रजनी म्हणूनच ओळखायला लागले. आपल्या तक्रारी घेऊन त्यांच्याकडे येऊ लागले. कुणाचं काम अडलंय, कुणाची फसवणूक झालीय, तर रजनीला सांगा, ती बघेल.

विचार करा, अशा वेळी नटीने काय करायचं? रजनीचं भांडण लेखकाने लिहिलेलं असतं. समोरचा मुजोर कारकून हाही नटच असतो. एपिसोड संपायच्या आत त्याला नमायचंच असतं. खऱ्या आयुष्यात फाईल तशी हलत नाही. दारात आलेल्या माणसाला हे सांगणं सोपं नसतं, कारण तो मोठ्या आशेने आलेला असतो.

प्रिया यांनी ही ओळख झटकून टाकली नाही. सामाजिक प्रश्नांवर त्या जाहीरपणे बोलत राहिल्या. पण एखादी भूमिका एवढी मोठी झाली की दुसरी मिळणं अवघड होतं, हेही तितकंच खरं. हिंदी सिनेमात त्यांना पुढे बहुतेक आईच्या किंवा वडीलधाऱ्या बाईच्या भूमिका मिळाल्या. १९९५ च्या 'त्रिमूर्ती'मध्ये त्या सत्यदेवी झाल्या. जॅकी श्रॉफ, अनिल कपूर आणि शाहरुख खान या तिघांची आई. तेव्हा त्यांचं वय होतं जेमतेम चाळीस. जॅकी आणि अनिल त्यांच्याहून दोन-तीन वर्षांनीच लहान. १९९७ च्या 'गुप्त'मध्येही त्या बॉबी देओलच्या आईच्या भूमिकेत होत्या.

खासगी आयुष्यातही चढउतार आले. रजनीच्या नवऱ्याचं काम करणाऱ्या करण राजदान यांच्याशी त्यांनी १९८८ साली लग्न केलं. पडद्यावरची जोडी खऱ्या आयुष्यात एकत्र आली म्हणून लोकांना केवढं कौतुक वाटलं. पण १९९५ मध्ये दोघे वेगळे झाले.

वडिलांनी लिहिलं, मुलीने केलं

नव्वदच्या दशकात 'स्वयंसिद्धा' ही मालिका आली. लेखक होते विजय तेंडुलकर आणि मुख्य भूमिकेत प्रिया. बापाने लिहायचं आणि मुलीने ते जगून दाखवायचं, असा हा योग होता. तेंडुलकरांच्या नाटकांतल्या बाया कधीच सोप्या नसतात. 'शांतता'मधली बेणारे असो की 'सखाराम'मधली लक्ष्मी आणि चंपा. त्यांच्या मुलीनेही पडद्यावर सोपी बाई क्वचितच केली.

वडिलांकडून आणखी एक गोष्ट आली होती, लेखणी. प्रिया तेंडुलकर या चांगल्या मराठी लेखिका होत्या, हे आज फार कमी लोकांना माहितीये. 'ज्याचा त्याचा प्रश्न', 'जन्मलेल्या प्रत्येकाला', 'असंही' ही त्यांची पुस्तकं. हॉटेलातल्या नोकरीच्या दिवसांतून 'पंचतारांकित' हे पुस्तक आलं. चकचकीत लॉबीच्या मागची दुनिया त्यांनी आतून पाहिली होती आणि ती लिहून ठेवली.

या लेखनात रजनी कुठेही नाही. रजनीच्या जगात प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचं. पुस्तकाच्या नावातच त्यांनी सांगून टाकलंय की प्रश्न ज्याचा त्याचा असतो. पडद्यावर सगळ्यांचे प्रश्न सोडवणाऱ्या बाईने कागदावर मात्र न सुटणाऱ्या गोष्टींना जागा दिली.

फोटोतली बायको

१९९५ साली झी टीव्हीवर 'हम पांच' सुरू झाली आणि प्रिया तेंडुलकर एका नव्या पिढीच्या घरात शिरल्या. या वेळी चक्क फोटो बनून.

आनंद माथुरच्या भूमिकेत अशोक सराफ, दुसरी बायको शोमा आनंद आणि घरात पाच मुली. आनंदची पहिली बायको वारलेली. भिंतीवर तिचा हार घातलेला फोटो. पण बाई गेली तरी बोलणं थांबलेलं नाही. ती फोटोतून नवऱ्याला टोमणे मारते, चुकला की झापते, आणि ते फक्त त्यालाच ऐकू येतं. फोटोतली ही बायको म्हणजे प्रिया.

बघा, नटीकडे काय असतं? चालणं, वावरणं, हात, शरीर. इथे ते सगळं काढून घेतलेलं. राहिला फक्त चौकटीतला चेहरा आणि आवाज. एवढ्यावर त्यांनी ती भूमिका इतकी मजेशीर केली की अशोक सराफ फोटोसमोर उभे राहिले की प्रेक्षक आधीच हसायला लागायचे. 'गोंधळात गोंधळ'पासूनची ओळख असलेल्या या दोघांचं टायमिंग एकदम जमलेलं होतं. याच मालिकेत राधिकाचं काम करणारी विद्या बालन नावाची मुलगी पुढे मोठी स्टार झाली.

'हम पांच'ची निर्माती होती एकता कपूर. तिच्याच 'क्योंकि सास भी कभी बहू थी'ने २००० साली टीव्हीचं सगळं चित्र बदललं. मालिकेतल्या बाईचं भांडण पुन्हा घराच्या चार भिंतींच्या आत गेलं. सिलेंडरवाल्याला जाब विचारणारी बाई पडद्यावरून जवळपास दिसेनाशी झाली.

प्रिया मात्र त्या काळात दुसरीकडेच निघाल्या होत्या. त्यांनी 'द प्रिया तेंडुलकर शो' आणि 'जिम्मेदार कौन' हे कार्यक्रम केले. आपल्याकडच्या सुरुवातीच्या टॉक शोंपैकी हे. समोर खरी माणसं, खरे प्रश्न आणि हातात माईक घेऊन उभ्या प्रिया. इथे उत्तर आधी लिहिलेलं नव्हतं. रजनी म्हणून लोकांनी त्यांच्यावर जो विश्वास टाकला होता, तो त्यांनी या शोमधून स्वतःच्या नावावर परत मिळवला. कार्यक्रमाच्या नावात या वेळी रजनी नव्हती, प्रिया तेंडुलकर होती.

शेवटची लढाई

याच वर्षांमध्ये त्यांना स्तनाच्या कर्करोगाने गाठलं. हा आजार त्यांनी दीर्घकाळ झुंजत काढला. २००१ साली त्यांचा भाऊ राजा तेंडुलकर, जे सिनेमाटोग्राफर होते, त्यांचंही निधन झालं.

१९ सप्टेंबर २००२ ला मुंबईत प्रिया तेंडुलकर गेल्या. कर्करोगाशी चाललेल्या लढाईत हृदयविकाराच्या झटक्याने त्यांना गाठलं. अठ्ठेचाळिसावा वाढदिवस बरोबर एका महिन्यावर होता.

विजय तेंडुलकरांनी दोन वर्षांत मुलगा आणि मुलगी दोघांनाही गमावलं. समाजातल्या क्रौर्याकडे डोळे रोखून बघणाऱ्या या लेखकाच्या वाट्याला म्हातारपणी हे आलं. त्यानंतर ते आणखी साडेपाच वर्षं जगले आणि १९ मे २००८ ला पुण्यात त्यांचं निधन झालं.

आज आपण गॅस मोबाईलवर बुक करतो. टॅक्सीवाल्याने नाही म्हटलं तर ॲपवर स्टार कमी देतो. खराब वस्तू आली की फोटो काढून कंपनीला टॅग करतो. दोन मिनिटांत होतं हे सगळं, आणि त्यात काही धाडस आहे असं आपल्याला वाटतही नाही.

पण चाळीस वर्षांपूर्वी यासाठी घराबाहेर पडून, रांगेत उभं राहून, समोरच्याच्या डोळ्यात बघून बोलावं लागायचं. चारचौघांत तमाशा कशाला, असं म्हणणारे घरचेच असायचे. तेव्हा एका बाईने टीव्हीवरून सांगितलं की तक्रार करण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

रजनी आपल्या लक्षात राहिली, ते चांगलंच झालं. पण कधी जमलं तर 'पंचतारांकित' शोधून वाचा, 'अंकुर'मधली सरू बघा, 'हम पांच'मधला तो फोटो पुन्हा एकदा बघा. रजनीच्या मागे उभ्या असलेल्या प्रिया तेंडुलकर तुम्हाला तिथे भेटतील.